चौऱ्याहत्तर नंबरचा विद्यार्थी

गिरगावातल्या आमच्या मिशनरी कॉलेजात हजेरी नंबराने घेत, म्हणून त्याचं नाव मला कधी कळलंच नाही. तो चौऱ्याहत्तर नंबर. वय चाळिशीचं, राहायला नायगावच्या चाळीत. दुपारी गिरणीत जायचा आणि सकाळी आम्हा पोरांबरोबर तर्कशास्त्राच्या तासाला बसायचा. तासाआधी पाद्री सर प्रार्थना म्हणत. आमची चुळबूळ चाले, तो मात्र ताठ उभा असे. मग बाहीवरचा कापूस टिपून खिशात ठेवी आणि बसे.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. एका सकाळी आम्ही घोषणा देत वर्ग बंद पाडला आणि मोर्चाला निघालो. तोही आला. मी ठाकूरद्वारच्या नाक्यावरून हळूच घरी सटकलो आणि जेवून झोपलो.

चार दिवसांनी कॉलेज उघडलं. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. लाठी बसली होती म्हणे. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि डाव्या हाताने वही उघडू लागला.

"तुम्ही कुठे होता हो मोर्चात? दिसला नाहीत."

"मागे होतो," मी म्हणालो.

"बरं केलंत," तो अगदी मनापासून म्हणाला. "पुढे फार मारलं. तुमचा हात तरी शाबूत राहिला. आता आपल्या दोघांच्या नोट्स तुम्हीच लिहा."

परीक्षेपर्यंत मी रोज दोन वह्या लिहिल्या, एकही तास चुकवला नाही. खरं काय ते त्याला सांगायचं मात्र राहूनच गेलं.