बक्षिसाची कणसं

कारभारीआबांच्या ओसरीत फवारणीचा एक पंप ठेवलेला आहे. बॅटरीवर चालणारा, निळ्या रंगाचा, अजून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला. येणारा-जाणारा विचारतो, "आबा, हा वापरायला का काढत नाय?" आबा म्हणतात, "जुना चालतोय की." जुना पंप गळतो. औषध पाठीवर उतरतं, सदरा भिजतो, संध्याकाळी अंगाची आग होते. तरी नवा पंप कागदातच आहे.

तो पंप बक्षिसाचा. संभाजीनगरच्या शेतीप्रदर्शनात रब्बी ज्वारीच्या सगळ्यात टपोऱ्या दाण्यासाठी आबांना पहिला नंबर मिळाला होता. शाल, नारळ आणि पंप. वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा त्या दिवशी सुट्टी काढून आला. पुंडलिकनगरात त्याच्याजवळ राहून शेतीच्या कॉलेजात शिकणारी नात संस्कृती मैत्रिणींना घेऊन आली. फोटो निघाले. फोटोत आबा खाली बघतायत. सगळे म्हणाले, बुजरा माणूस, पहिल्यापासूनच असा.

खरं कारण वेगळं होतं.

फुलंब्रीच्या पुढं आबांची चार एकर काळी जमीन आहे. बांधापलीकडं सारजाबाईचं वीस गुंठे मुरमाड रान. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता दहा-बारा उरलीत. बक्षिसाच्या आदल्या वर्षी तिची एक मेंढी बांध ओलांडून आली आणि वाऱ्यानं वाकलेल्या ज्वारीच्या ताटांची कोवळी कणसं अर्धीअर्धी कुरतडून गेली. आबा तेव्हा सारजाबाईला इतकं बोलले की वस्तीवर ऐकू गेलं. ती मेंढीला घेऊन निघून गेली.

काढणीच्या वेळी आबांच्या हाती ती अर्धी कणसं आली. त्यांतला दाणा बाकीच्या दाण्याच्या दीडपट होता. आबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला.

पुढच्या वर्षी ज्वारीची कणसं पोटरीच्या पानातून बाहेर पडत होती, फुलोरा यायचा होता, तेव्हा आबा बायकोची, रत्नमालाबाईंची, शिलाईची कात्री खिशात घालून रानात गेले. चाळीस कणसं निवडली. प्रत्येकाच्या आतल्या बारीक फांद्या, बाहेरून कळणार नाही अशा, एकाआड एक छाटल्या. बघू तरी काय होतंय, असं मनाशी म्हणाले. तिथवर त्यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते प्रदर्शनाचा अर्ज भरताना. 'दाणा मोठा होण्याचं कारण' असा एक रकाना होता. आबांनी लिहिलं, 'घरचं बी. तीस वर्षांची निवड.'

पेरणीचे दिवस जवळ आले तशी सारजाबाई आली. डोक्यावर गाठोडं.

"दादा, तुमचा फोटू बघितला. आता तुमच्या दारात यायला बी भ्या वाटतंय बाई. बक्षीसवाले झाले तुम्ही."

"कशाचं काय," आबा म्हणाले.

"त्या कणसांचं बी पायजे मला. माझ्या वीस गुंठ्यांपुरतं."

तिकडची रीत अशी की बी मागायला रिकाम्या हातानं जायचं नाही. तिनं गाठोडं सोडलं. आत तिची बारीक दाण्याची ज्वारी होती. आईकडून आलेली, दर वर्षी राखलेली.

"सगळीच आणली?" आबांनी विचारलं.

"मंग? दोन्ही ठेवली तर भेसळ व्हती. तुमचं घेतल्यावर ही बारकी घेऊन काय करू?"

आबांच्या ओठांवर खरं आलं होतं. "सारजाबाई, ते बी..." एवढं बोललेही. तेवढ्यात रत्नमालाबाई आतून म्हणाल्या, "द्या की हो! इतक्या आशेनं आली ती." आबा उठले आणि एक कणीस सोडून बाकी एकोणचाळीस कणसांचं बी तिच्या ओटीत ओतलं. दोन किलोच्या आसपास भरलं असेल. ती वाकून पाया पडायला लागली तेव्हा ते मागं सरले.

तिची ज्वारी पुढं महिनाभर आबांच्या घरात दळली गेली.

दिवाळीच्या सुट्टीत संस्कृती आली. बक्षिसाचं एक कणीस रत्नमालाबाईंनी कौतुकानं दाराला टांगून ठेवलं होतं. पोरीनं ते खाली घेतलं, पिशवीतून भिंग काढलं आणि उन्हात धरलं.

"आबा, ह्याच्या आतल्या फांद्या कापल्यात."

"पाखरांनी खाल्लं असंल."

"पाखरू कात्री लावतं का, आबा?"

तिनं आजीकडं वळून बघितलं, आजी चुलीपाशी होती. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. आबांना वाटलं, आपल्याला रागावण्यापेक्षा ती हे सांगतेय, हे बरं. दाणा किती मोठा होऊ शकतो ते बियाण्यातच ठरलेलं असतं, ती म्हणाली. फुलायच्या आधी दाण्याची जागा केवढी धरली, नंतर तो किती दिवस भरत राहिला, हे सगळं आईबापाकडून येतं. पण झाड अन्न वाटतं ते दाण्यांच्या संख्येवर. अर्धे दाणे काढून टाकले तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. बी मात्र आहे तेच राहतं. पेरलं की पुन्हा पहिल्यासारखाच दाणा.

"आणि बारीक दाण्याची ज्वारी?" आबांनी विचारलं. "मुरमाड रानातली?"

"ती लवकर भरते. रानातली ओल संपायच्या आत उरकते. म्हणून तर टिकलीय तिथं. आपल्या ज्वारीला भरायला दिवस लागतात, तिला काळी जमीनच पायजे." मग तिनं विचारलं, "का हो आबा, कुणाला दिलं का हे बी?"

"नाय," आबा म्हणाले.

हे आणखी एक खोटं. त्याआधी पंधरा दिवस सारजाबाईची पेरणी होऊन गेली होती.

तो हिवाळा आबांनी बांधाकडं पाठ करून काढला. तरी दिसायचंच. सारजाबाई रोज ताटांमधून फिरायची, कणीस वाकवून बघायची. कणसं निसवून बाहेर पडेपर्यंत पीक बरं होतं. दाणे भरायला लागले आणि मुरमातली ओल संपली. पानं वरपर्यंत वाळली. दाणा सुरकुतून अर्धाच राहिला.

फेब्रुवारीत ती ज्वारी काढत होती. आबा बांधावर गेले. तिनंच आधी बोलायला सुरुवात केली.

"दादा, माझ्या हाताला यशच नाय बघा. एवढं बक्षिसाचं बी, पण माझ्या रानानं वाटुळं केलं. तुमच्या नावाला बट्टा लागला माझ्यामुळं."

आबांना वाटलं, हिनं आपल्याला चपलेनं मारलं असतं तर सोपं गेलं असतं. ते मागं फिरले. घरी आले, कात्री खिशात टाकली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, स्वतःची खात्री करायला म्हणून, त्यांनी आपल्या रानातल्या एका ताटाचं कणीस तसंच छाटून ठेवलं होतं. ते कणीस आणि शेजारचं न छाटलेलं कणीस घेऊन ते पुन्हा तिच्याकडं गेले. दोन्ही तिच्या हातात दिली.

"एकाच बियाचीत," ते म्हणाले. "एकाची अर्धी पोरं मी फुलायच्या आधी कापली. ह्या कात्रीनं. बक्षिसाची कणसं बी अशीच केली होती. तुमची मेंढी कुरतडून गेली व्हती ना, तिच्यावरून सुचलं."

सारजाबाईनं दोन्ही कणसांचे दाणे बोटांनी चोळून बघितले. तिला फार वेळ लागला नाही.

"म्हंजी एकुलतं कोकरू," ती म्हणाली. "एकट्याला सगळं दूध, म्हणून जाड. जुळं असलं की दोन्ही बारीक."

"व्हय."

"आणि मेंढीचा कान कापला म्हणून कोकरू कानकापं व्हत नाय."

"व्हय."

"मी आले तेव्हा तुम्हाला ठावं व्हतं?"

"कात्री लावली एवढं ठावं व्हतं. तुमच्या रानाचं नंतर कळलं."

"मंग ते कळल्यावर?"

तिनं कणसं खाली ठेवली.

"माझी जवारी हाय का तुमच्याकडं?"

"दळली."

"सगळी?"

"सगळी."

तिनं मेंढरांच्या वाड्याकडं बघितलं. मग विचारलं, "भाकर कशी लागली?"

आबांना आता खोटं बोलवेना. "गोड लागली," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"गोडच असती ती."

वाड्याच्या कडेला, लेंड्यांच्या खतात, ज्वारीची चार ताटं आपोआप उगवलेली होती. कधी पाखडताना सांडलेल्या तिच्या जुन्या ज्वारीच्या दाण्यांची असावीत. कणसं गच्च, दाणा बारीक, पण दगडासारखा भरलेला. सारजाबाई तिकडं निघाली. आबाही मागून गेले, वाकले, पहिल्या कणसाला हात लावायला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "कात्री द्या इकडं."

आबांनी कात्री दिली. तिनं चारही कणसं देठापासून कापली, पदरात घेतली आणि घरात गेली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आबा थोडा वेळ वाड्याशी उभे राहिले. मेंढरं त्यांच्याकडं बघत होती. मग ते घरी आले.

"अहो, माझी कात्री कुठंय?" रत्नमालाबाईंनी विचारलं. "मघापासून शोधतेय."

"सारजाबाईकडं."

"तिच्याकडं कशाला?"

आबा पंपाशेजारी ओसरीत बसले. त्या दिवशी त्यांना सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदाही ते सोपं गेलं नाही.