सदतीस नंबरचा दरवाजा

दरवाज्यावर गेज टेकवलं तर आकडा आला चारशे ऐंशी. बॉनेटवर दोनशे दहा होता, छतावर एकशे नव्वद. ड्रायव्हरच्या दरवाज्यावर मात्र दुपटीहून जास्त. मी पुन्हा मोजलं. तेवढाच.

हे आकडे मायक्रॉनमध्ये असतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी कोटिंग इन्स्पेक्टर. लोखंडावरचा रंग किती जाड आहे, नीट धरलाय का, खाली गंज शिरलाय का, हे तपासायचं काम. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर तेलाच्या अवाढव्य टाक्या आहेत, त्यांचा रंग तपासण्यात माझी बारा वर्षं गेली. मोटारगाडी मात्र पहिल्यांदाच समोर आली होती.

“थिक, राइट?” शेजारी उभ्या असलेल्या अंकल लिमनी विचारलं. “माय ब्रदर इज इनसाइड.”

मी दचकून दरवाज्याकडे पाहिलं. म्हातारा हसला.

अंकल लिम आमच्या एका जुन्या क्लायंट कंपनीतून रिटायर झालेले. वय सत्तरीच्या आसपास, अंगात कायम इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. ज्या अमेरिकन कंपनीने ती बनवली ती पन्नासच्या दशकातच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि पुढे तिचं नावही बाजारातून गेलं. पण अंकल त्या कंपनीबद्दल बोलायला लागले की कालच फॅक्टरीत जाऊन आल्यासारखे बोलत. या गाडीची फरशी चासीच्या वर नाही, चासीच्या मध्ये खाली बसवलेली. त्यामुळे आत शिरताना पाय एक पायरी उतरून ठेवावा लागतो. गाडी जमिनीला चिकटून धावते, वळणावर डगमगत नाही. सहाच सिलिंडर, पण दोन कार्बोरेटर, आणि तेवढ्यावर तिने अमेरिकेतल्या धुळीच्या ट्रॅकवर आठ सिलिंडरवाल्यांना पाणी पाजलं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, पेला हातात धरून ऐकवलं. आधी मी घड्याळाकडे बघत होतो. मग त्यांनी मला आत बसवलं. एक पायरी खाली उतरून मी त्या सीटवर बसलो आणि खरं सांगतो, उठावंसं वाटेना.

साठच्या दशकात सिंगापूरमध्ये रस्त्यांवर शर्यती होत. त्यात हा भाऊ ही गाडी पळवायचा. दरवाज्यावर त्याने स्वतः ब्रशने नंबर रंगवला होता. सदतीस. नंतर एका सरावात, दुसऱ्याच गाडीत, तो गेला. आईला तो नंबर डोळ्यांसमोर नको होता. तेव्हा सतरा वर्षांच्या अंकल लिमनी घरातलाच क्रीम रंग घेऊन दरवाज्यावर फासला, एकावर एक तीन हात. गाडी शेडमध्ये गेली, ती गेलीच. आता आई नव्हती. अंकलना नंबर परत बघायचा होता.

“न्यू नंबर आय डोन्ट वॉन्ट,” ते म्हणाले. “ही पेंट हिमसेल्फ. द सेव्हन इज क्रुकेड. दॅट वन आय वॉन्ट.”

आता हे काम आमच्याकडे का आलं, तर तेल स्वस्त झालं होतं. टाक्यांचे मालक रंगाची कामं पुढे ढकलत होते आणि आमचे जनरल मॅनेजर कर्णिक नव्या धंद्याच्या शोधात होते. इथल्याच ईस्ट कोस्ट भागात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होणार होतं. तिथे आपला स्टॉल लावायचा, शेजारी ही गाडी उभी करायची, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. अंकलना काम फुकट, आम्हाला जाहिरात. कर्णिक मूळचे दादरचे, वीस वर्षं इथे, आता सिटिझन. माणूस वाईट नव्हता. घाईत असलेला माणूस होता.

मी दरवाज्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. खिडकी म्हणजे रुपयाएवढी जागा बारीक सँडपेपरने हळूहळू घासायची, मग एकेक थर कड्यांसारखा उघडा पडतो. वर क्रीम, मग पुन्हा क्रीम, पुन्हा क्रीम. मग पांढरा. आणि पांढऱ्याच्या पोटात काळी रेघ. सातच्या शेपटीचं टोक असणार. ब्रशच्या केसांचे ओरखडेसुद्धा दिसत होते. मला इतका आनंद झाला की मी वर्कशॉपमधल्या दोन वेल्डरांना हाक मारून दाखवलं.

मग मी आणखी घासलं. घासायला नको होतं. मूळच्या हिरव्या रंगाच्या खाली तपकिरी ठिपके निघाले. गंज. दरवाज्याच्या खालच्या कडेने तो आत शिरून रंगाखालून वर सरकत होता.

मी कर्णिकांना जाऊन सांगितलं. “सर, नंबर शाबूत आहे. पण हाताने सोलावं लागेल. दोन माणसं, तीन आठवडे.”

“प्रदर्शनाला दोन आठवडे आहेत, बापट.”

“मग अर्धवटच नेऊ. लोकांना तेही बघायला आवडेल.”

“अर्धवट सोललेला दरवाजा? आपण कोटिंगवाले आहोत का भंगारवाले?” ते हसले. “आणि गंज आहे म्हणतोस ना खाली? मग ब्लास्ट कर सगळं. नंबर परत रंगवू रे. स्टेन्सिल कापून देतो. ओरिजिनलपेक्षा सरळ येईल.”

ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने बारीक खडी मारून लोखंड उघडं करणं. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये साफ लिहिलेलं असतं: रंगाखाली गंज आढळला, तर कोटिंग पूर्ण काढा. टाकीला ते बरोबर आहे. टाकी गळली तर माणसं मरतात. हा एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमधला दरवाजा होता. गंज जिथल्या तिथे थोपवता आला असता. खालची कड कापून तेवढाच पत्रा बदलता आला असता. कोरड्या जागी ठेवला असता तर तो दरवाजा अंकलच्या पश्चातही टिकला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कर्णिक म्हणाले, “क्लायंटला तूच फोन कर. तुझं ऐकतील.”

मी फोन केला. रंगाखाली गंज निघालाय, सगळं काढावं लागेल, असं सांगितलं.

“यू आर द इंजिनिअर,” अंकल म्हणाले. “मस्ट, आह?”

“मस्ट, अंकल.”

“ओके. यू से मस्ट, देन मस्ट.”

घरी बायकोला सांगितलं. आमचा फ्लॅट जुरोंग ईस्टला, तिथे डायनिंग टेबलावर. मेधाने जेवता जेवता विचारलं, “काढावंच लागणार होतं का?” मी म्हणालो, माझा एम्प्लॉयमेंट पास रिन्यूअलला आलाय, कर्णिकांशी वाद घालायची ही वेळ नाही. ती म्हणाली, “मी कर्णिकांचं विचारलं नाही.” मी ताटावरून उठलो.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला पासचीच गोष्ट सांगत होतो. पण ती खोटी आहे. मी वाद घातला असता तर कर्णिक फार तर चिडले असते, मला हाकललं नसतं. खरं कारण याहून क्षुल्लक आणि लाजिरवाणं आहे. रंगाखाली गंज आहे हे कळल्यावर तो तसाच ठेवून वर सही करणं मला जमेना. बारा वर्षं हाताला एकच सवय लागलेली. गंज दिसला की काढायचा. त्याच्यावर कोणाचं काय लिहिलंय हे बघायची सवय मला कोणी लावली नाही आणि मीही लावून घेतली नाही.

ब्लास्टिंगच्या दिवशी मी स्वतः उभा होतो. पत्रा वाकू नये म्हणून दाब कमी ठेवला, खडी सगळ्यात बारीक घेतली. त्या बाबतीत मी फार काळजी घेतली, म्हणजे बघा. क्रीम रंग उडाला आणि क्षणभर आख्खा नंबर उघडा पडला. पांढऱ्या गोलात तीन आणि सात. सात खरंच वाकडा होता, उजवीकडे कलंडलेला. ब्लास्टरवाल्याने नोझल थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हेल्मेटमध्ये, पण प्रश्न कळत होता.

मी हाताने खूण केली, चालू ठेव.

आजवर या हाताने हजारो सह्या केल्या असतील. ती खूण तेवढी मला परत घ्यायची आहे.

प्रदर्शनात गाडीचं फार कौतुक झालं. उत्तम फिनिशचं बक्षीस मिळालं. कर्णिकांनी त्या फोटोंवर दोन कामं आणली. दरवाज्यावर सदतीस होता, स्टेन्सिलचा, फूटपट्टीने आखल्यासारखा. अंकल लिम दुपारी आले, इस्त्रीचा शर्ट, सोबत नात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दरवाज्यापाशी थांबले आणि नंबरवर तळवा ठेवला.

“व्हेरी स्ट्रेट,” ते म्हणाले.

“अंकल, आय ॲम सॉरी.”

“नो, नो. यू डू गुड जॉब. रस्ट ऑल गॉन.”

नात आजोबांना म्हणाली, “सो शायनी, आह कोंग! लाइक न्यू, लाह.” तिने त्यांचा गाडीबरोबर फोटो काढला. फोटोसाठी ते छान हसले.

महिनाभराने मी त्यांना फोन केला. गाडी विकली, म्हणाले. परदेशातल्या कोणा कलेक्टरला. मी म्हणालो, इतकी वर्षं सांभाळलीत, आता का विकलीत?

“बिफोर, आय कॅनॉट सेल,” अंकल शांतपणे म्हणाले. “हाऊ टू सेल? ही वॉज इनसाइड. नाऊ कॅन.”

मग त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली, मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी आमच्या जॉब शीटमध्ये एक रकाना घालून घेतला. ‘काय काढायचं नाही’. कुठलंही काम सुरू होण्याआधी तो क्लायंटने भरायचा असतो. बहुतेक जण तिथे आडवी रेघ मारून पाठवतात.