सोपानच्या बोलण्यावर चढलेली आदरांजली

सोपान गेल्याची बातमी मला त्याच यंत्रानं दिली, ज्याच्याशी तो शेवटपर्यंत भांडला. नांदेडला घरी हौशी रेडिओचा संच लावून मी दूरच्या एका मित्राशी टाइप करून गप्पा मारत होतो; इथं टाइप केलेली अक्षरं रेडिओलहरींवरून समोरच्याच्या पडद्यावर उमटतात. आमची अक्षरं मध्येच विस्कटली आणि त्यांच्यावर आमच्या लातूरच्या रेडिओ क्लबचा मजकूर चढला... औशाचे ज्येष्ठ हौशी रेडिओचालक सोपानराव यांचे निधन, भावपूर्ण आदरांजली.

सोपान माझा शाळेपासूनचा दोस्त, वर्गातला सगळ्यात बडबड्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला आणि लोक त्याच्याशी हातवारे करून बोलू लागले, जणू तो बहिरा झाला होता. मग तो कीबोर्डवरून रेडिओवर बोलू लागला. तिथं सगळेच अक्षरांनी बोलतात. मी म्हटलं, "अरे, मोबाइल हाय की." त्यानं लिहून दाखवलं, "मोबाइलवर समदे वळखीचे, कीव करतेत. इथं अनोळखी माणूस माझ्यासंगं भांडतो."

पुढे क्लबनं लातूरला निरोप पाठवणारं आपोआप चालणारं स्टेशन बसवलं. आमच्यात पहिला शिष्टाचार हा, की आधी ऐकायचं आणि कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. यंत्रालाही ते शिकवता येतं, पण तेवढी तसदी घेणार कोण? ते थेट सोपानच्या बोलण्यावर सुरू व्हायचं. त्याला आधी ऐकायला लावा, नाहीतर बाजूच्या लहरीवर जागा द्या, असं सोपान परोपरीनं लिहीत राहिला. क्लबचे सचिव हसून म्हणाले, "सोपानराव, मशीनला काय कळतंय? तुमीच जरा सरका की." ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. दर थोड्या वेळानं येणारी ती आदरांजली तरी थांबवा म्हणून मी परवा फोन केला, तर म्हणाले, "चांगलंच हाय की ते, वाईट काय त्यात?"

मागच्या आठवड्यात औशाला सोपानच्या घरी गेलो. वैनींनी त्याचा रेडिओ पुसून ठेवला होता. मी चालू केला. सोपान बोलण्याआधी नेहमी एकच ओळ टाकायचा, "कुणी बोलायलंय का?" आणि चहाचा घोट घेत थांबायचा. मी तीच ओळ टाकली आणि थांबलो. पडद्यावर कुणाची तरी अक्षरं उमटली, "सोपान? कुठं होतास इतके दिवस?"

मी वैनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, नीट सांगा त्यांना."

मी शब्द जुळवत होतो. तो माणूस पुढं काहीतरी लिहू लागला आणि लातूर सुरू झालं... भावपूर्ण आदरांजली.

"काय म्हणायलेत ते?" वैनींनी विचारलं. त्या माणसाची अक्षरं विस्कटली होती, मला वाचताच आली नाहीत.