आईची अर्ध्यात थांबलेली प्रार्थना

माझ्या आईनं भर घरसभेत, डोळे मिटून, देवाला सांगितलं होतं, "मी खोटं बोलून राह्यली."

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर इथे काही लिहिलं नाही, माफ करा. लिहायला बसले की शब्द फार सुंदर यायचे, आणि मला ते खरे वाटायचे नाहीत.

गोष्ट साठच्या दशकातली, पांढरकवड्याची. माझ्या जन्माच्या बरीच आधीची.

आईची थोरली जाऊ, म्हणजे माझी मोठी आई, दुसऱ्या दिवशी पोटाच्या ऑपरेशनला नागपूरला निघणार होती. परत येईल याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती.

चर्चच्या मंडळीतल्या बाया घरसभेला, म्हणजे घरातल्या प्रार्थनेला, जमल्या. प्रार्थना करायला आईलाच सांगितलं. रूथबाईची, म्हणजे आईची, प्रार्थना ऐकत राहावी, असं सगळ्या म्हणायच्या.

"प्रभू, माझ्या या प्रिय बहिणीला..."

आणि आई थांबली.

"प्रभू, मी खोटं बोलून राह्यली. हे बायांनी ऐकावं म्हणून आहे. मनात तसं नाही."

कुणी डोळे उघडले नाहीत. प्रार्थनेत उघडायचे नसतात.

मोठी आई तशीच डोळे मिटून म्हणाली, "मंग मनात काय आहे ते सांग त्याले. मलेही समजू दे."

"हिनं सासूबाईचे कान भरले. माही शाळेतली नोकरी गेली. मी ते विसरली नाही."

"बरं. अजून?"



"ही घरी परत यावी. हिच्याशिवाय मी भांडू कोणाशी?"

"आमेन," मोठी आईच म्हणाली.

कोपऱ्यातून एका म्हातारीनं विचारलं, "झाली का वो?"

"आत्ता झाली," आई म्हणाली.

मोठी आई परत आली. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं. नोकरीचं आई तिला शेवटपर्यंत बोलून दाखवायची, पण तोंडावर.

त्यानंतर आईच्या प्रार्थना आखूड झाल्या. आम्हाला म्हणायची, "देवाले नुसतं तोंडातलं सांगून चालत नाही. मनातलंही तो ऐकून राह्यला."

उद्या रविवारी तिच्या आठवणीची सभा आहे. प्रार्थना मी करायची आहे. दादाही येणार. आईच्या आजारपणापासून आम्ही बोलत नाही.

प्रार्थना मोबाइलवर टाइप करत होते. "माझ्या प्रिय भावाला" इथपर्यंत आले आणि थांबले.

आई, तुझी फार आठवण येते. हे वाक्य तपासून लिहिलंय.

उद्या: सभेच्या आधी दादाला फोन.