ताणावरचं झाड

"त्याले पानी नका देऊ भाऊ, ते तानावर हाये!" माझ्या हातात पाइप दिसला की काकाजी भिंतीपलीकडून ओरडायचे.

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं छोटं अंगण होतं. मेथीचा वाफा, शेवंती आणि एक संत्र्याचं झाड. काकूंनी तिवशाहून, माहेरून, कलम आणून लावलेलं. थंडीत पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी सोडायचं. फेब्रुवारीत झाड फुलांनी पांढरं होतं; मधेच पाणी मिळालं तर नुसती पानंच फुटतात. बागाईतदार हे अख्ख्या बागेसाठी करतात. एसटीतून निवृत्त झालेले काकाजी एका झाडासाठी करायचे. पहिलं फूल काकूंच्या फोटोला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सकाळी मफलर गुंडाळून खुर्ची टाकायची आणि ऊन सरकेल तशी तीही सरकवायची. मी कुडकुडत गेलो की म्हणायचे, "बसा ना जी. थंडी काय तुमाले खाऊन राह्यली?" त्या उन्हात चहा प्यायला मला फार आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. खुर्ची खिडकीच्या आत गेली. "फुलं पाहूनच जाईन मी," ते म्हणायचे. सेवेला पुण्याहून मुलगी आली. झाड वाळायला लागलेलं पाहून तिचा जीव कळवळला, आणि ती रोज बादलीभर पाणी घालू लागली.

मी तिला हाक मारणार, तोच खिडकीतून काकाजींनी हात हलवून मला थांबवलं.

नंतर मी विचारलं, "काहून सांगत नाही तिला?"

"तिच्या मायचं झाड हाये ते. जीव लावून पाजून राह्यली. आता मोडला तान तर मोडला. पोरीले काहून रडवू?"

 

थंडी ओसरता ओसरता काकाजी गेले. तेरवीच्या दिवशी काकूंच्या शेजारी त्यांचा फोटो लागला. दोघांनाही बाजारातले हार होते.

पाहुणे गेल्यावर मुलगी मला अंगणात घेऊन गेली. "काका, बाबांचं झाड बघा ना. मी आले तेव्हा मरायला टेकलं होतं."

झाड हिरव्यागार पानांनी गच्च भरलं होतं. मी फांदी फांदी पाहिली. कळीसुद्धा नव्हती.

"खरंच गं," मी म्हटलं, "छान जपलंस."

तिने डोळे पुसले आणि बादली नळाखाली लावली.