मामाचं आरमार

जगातल्या आरमारांनी एकमेकांशी कसं वागावं, हे माझ्या मामाइतकं कुणालाही कळलं नव्हतं. खुद्द त्या आरमारांनाही नाही. मामा आपल्या आरमारात होता आचारी. पण सरावासाठी चार देशांची जहाजं एकत्र आली, की डाळ चुलीवर टाकून तो डेकवर पळायचा आणि वर चढणारी निशाणं बघत हरवून जायचा. साठ साल उजाडता उजाडता तो उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्यात परतला, तो हे वेड घेऊनच. ओट्यावर खडूने समुद्र काढायचा आणि त्यात सुके बोंबील मांडायचे, प्रत्येक बोंबील एकेका देशाचं जहाज! मामीने एकदा त्यातलं इंग्रजांचं जहाज भाजून त्यालाच वाढलं, तर दोन दिवस अबोला. "एका देशाचा खलाशी पान्यात पडला, दुसऱ्याच्या जहाजानं उचलला," तो सांगायचा. "भाषा येत न्हवती रं, पन निशान कळलं!" सांगताना डोळे द्रोणागिरीच्या डोंगरापलीकडे कुठेतरी लागलेले असायचे.

आम्ही हसायचो, मेले! पण त्याचा धाकटा भाऊ बुडाला, तेव्हा खाडीपलीकडच्या गावची होडी हाकेच्या अंतरावर होती. जाळ्यांवरून वैर, म्हणून ती वळली नाही. आता मामाचं एकच मागणं होतं : डोलकाठीवर लाल कापड दिसलं, की कुठल्याही गावच्या होडीने भांडण विसरून धावायचं. पाच वेळा तो एकटा पलीकडे जाऊन आला. तिथला म्हातारा पाटील दर वेळी चहा पाजून म्हणायचा, "बघू."

आणि एका सकाळी मामीने, सगळं ऐकून ऐकून कान किटलेल्या त्या माउलीने, आपलं लाल लुगडं धुतलं आणि खाडीत नांगरलेल्या होडीच्या डोलकाठीवर खुशाल वाळत घातलं. घटकाभरात पलीकडून सात होड्या वल्ही मारत आल्या. पुढच्या होडीत पाटील, धापा टाकत. "कोन बुडाला? कोन?"

मामीने पदरात तोंड लपवलं. सारा किनारा खो खो हसला. मामा तेवढा हसला नाही. गुडघाभर पाण्यात शिरून त्याने पाटलाची होडी धरली आणि लहान पोरासारखा रडू लागला. "आलास रं! आलास!"

पाटील खाली बघत म्हणाला, "त्या दिशी होडीत मीच व्हतो."

"मला ठाव हाय," मामा म्हणाला. "म्हनून तर पाची येळा तुज्याकडंच आलो."

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते हो त्याची. तो गेला त्या दिवशी खांदा द्यायला पलीकडच्या गावची माणसं होड्या घेऊन आली होती, कुणीही न बोलावता.