कुंडीतली डवरणी

सूनबाई शिक्षकांच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघाली, तेव्हा माझ्या हाती तिने ना दागिने दिले ना कपाटाच्या किल्ल्या. दिलं ते रबराचं झाड. तिच्या वडिलांनी फांदी लावून वाढवलेलं, पैनगंगेपलीकडच्या माहेराहून तिने मांडीवर घेऊन आणलेलं. वडील आता नाहीत. "आई, एवढं जपा," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

थोड्याच दिवसांत कुंडीच्या बुडातल्या भोकातून तपकिरी मिशा डोकावू लागल्या. झुरळ समजून मी चप्पल उचलली. मग कळलं, मुळं आहेत! वरून घातलेलं पाणी तसंच खालून बाहेर. आता झाड उपाशी म्हणायचं, की पोट फुटेस्तोवर जेवलेलं? मला काही उमजेना.

आमच्या ह्यांना मात्र सगळं उमजतं. "अवं, जागा पुरून नाही राह्यली त्याले." त्यांनी रंगाची रिकामी बादली आणली, बुडाला खिळ्याने एक भोक पाडलं आणि वावरातली काळी माती गच्च भरली. "ह्या मातीत कपाशीची पऱ्हाटी छातीला लागते, मंग हे काऊन वाढनार नाही?"

बिनतोड! मी टाळ्याच वाजवल्या.

झाडाने मात्र मान टाकली. माती चिखल धरून बसली, म्हणून मी पाणी तोडलं. तर ती वाळून कडेपासून सुटली, आणि घातलेलं पाणी भेगेतून थेट फरशीवर. झाड बुडतंय की तहानेने मरतंय? दोन्ही एकदम कसं होईल?

"भेगा पडल्या तं डवरणी करा लागते," म्हणत हे पिकातली माती मोकळी करावी तसं माझं उलथणं बादलीत गोल गोल फिरवू लागले.

"बैलं पन आना आता!" मी ओरडले.

व्हिडिओ कॉलवर सूनबाई झाड दाखवा म्हणायची. मी हिरवी बाजू पुढे करायची, पिवळ्या पानांवर पदर टाकायची.

"आई, झाडाले पदर काऊन?"

"दृष्ट लागते, माय!"

ती परतली आणि खांद्यावरची पर्सही न काढता बादलीपाशी बसली. बादली आडवी केली, तर विटेसारखा गोळा निघाला. तो पाण्यात भिजवून ती एकेक मूळ सोडवत होती, सडकी कात्रीने कापत होती. आम्ही दोघं दाराशी, निकालाला आलेल्या पोरांसारखे.

"थोडी पांढरी हायेत अजून," ती डोळे पुसत म्हणाली. "जगन वाटते."

मग जुनीपेक्षा जराशीच मोठी कुंडी आली, लाल माती, वाळू, शेणखत आलं. मला राहवेना. "पन मुळं बाहीर आली तं कुंडी बदलाचीच होती ना?"

"होतीच, आई."

"मंग आमचं चुकलं काय?" ह्यांनी विचारलं.

आता मात्र ती सासऱ्यांकडे बघून हसली. "मामाजी, कुंडी म्हंजे वावर नोहे. एवढ्याशा जागेत काळी माती पानी सोडत नाही."

मामाजींनी निमूटपणे त्या काळ्या मातीत सरकी टोचली. ती लगेच उगवली, आणि तेव्हापासून हे बादलीजवळून मिशीला ताव देत जातात.

रबराच्या शेंड्याला मात्र आज सकाळी काहीतरी लाल, टोकदार दिसतंय. नवं पान की कीड? सूनबाई शाळेत गेली आहे. ती येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही, असं मी ह्यांना बजावलंय. उलथणंही लपवून ठेवलंय.